माझ्याच अभिनंदनाचा फ्लेक्स

मला शोध पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला, ही गोष्ट वडवणीत कुणी कौतुकानं काढली की आजही माझं डोकं उठतं. समोरच्याला वाटतं, बाईला गर्व झालाय. वाटू दे. त्या पुरस्कारानं मला काय दिलं आणि माझ्याकडून काय नेलं, हे त्याला माहीत नसतं. आणि मला ते चहाच्या टपरीवर उभं राहून सांगायचं नसतं.

माझं माहेर आष्टीकडचं. लग्न करून वडवणीला आले. नवरा एसटीत कंडक्टर, घरात सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तसंच म्हणते. सुरुवातीला मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. ती शाळा बंद पडली. त्याच सुमारास बीडच्या एका दैनिकाचा इथला माणूस काम सोडून गेला आणि त्याची जागा मला मिळाली. तालुका प्रतिनिधी म्हणायला पत्रकार, पण खरं काम जाहिराती गोळा करण्याचं. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पहिल्या पानावर त्याचा फोटो, खाली कार्यकर्त्यांचे फोटो. त्या जाहिराती आणल्या तर बातम्या छापून यायच्या.

तालुक्यातले बाकीचे पत्रकार पुरुष. ते स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचे. मी गेले की खुर्ची कुणी द्यायचं नाही, पण सल्ला सगळे द्यायचे. "मॅडम, तुमी महिला मंडळाच्या बातम्या करा. हळदी-कुंकू करा. हे पानी, वाळू, आमच्याकडं ऱ्हाऊ द्या." मी त्यांच्याशी भांडले नाही. तिथं जाणं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात मी डोंगरपट्ट्यातल्या एका गावात गेले होते. गावातली निम्म्याहून जास्त माणसं ऊस तोडायला जाणारी. पाडव्याच्या आसपास ती कारखान्यांवरून परतली होती आणि गावातल्या विहिरींनी तळ गाठला होता. सरकारी टँकर सुरू होता. मी कसल्या तरी लसीकरणाची बातमी करायला गेले होते, तेवढ्यात एका बाईनं मला हाताला धरून तिच्या घरात नेलं. उंचच्या उंच बाई, माझ्याच वयाची. ऊसतोडीला जाऊन जाऊन हाताची कातडी खरबरीत झालेली. तिनं हंडा माझ्यासमोर तिरपा केला.

"हे बग. बुडाला काय साचलंय बग."

हंड्याच्या तळाला पांढरा, बारीक गाळ होता. बोटावर घेतला तर पिठासारखा.

"टँकरचं पानी हाय हे," ती म्हणाली. "हे पिऊन लेकराला हगवण लागलीय. शेजारच्या म्हातारीला सलाईन लावली. ग्रामसेवकाला सांगितलं तर म्हनतो, उकळून प्या. उकळायला सरपन कुठून आनू? आनि उकळून दगूड जातो का?"

दगड हा शब्द तिनं सहज वापरला होता, पण मला तिथंच कळायला पाहिजे ते कळलं. त्या गावापासून जवळच दगडाची खदान होती. खोल खणून सोडून दिलेली, पावसाचं पाणी साठून हिरवं झालेली. शेजारी क्रशर चालायचा आणि त्याची भुकटी दिवसभर त्या पाण्यावर बसायची. म्हशी त्यात डुंबायच्या. क्रशर ज्यांचा, त्यांना तालुक्यात सगळे नुसतं 'मालक' म्हणतात. जमीन त्यांची, क्रशर त्यांचा, सोसायटी त्यांच्या ताब्यात. पाण्याच्या टँकरचा ठेका त्यांच्या पुतण्याकडे होता.

नियमाप्रमाणे टँकरला जीपीएसची एक डबी बसवलेली असते. टँकर ठरवून दिलेल्या विहिरीवर गेला की नाही, ते तहसील कार्यालयातल्या संगणकावर दिसतं. मी तहसीलला जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं मला पडदा दाखवला. टँकर रोज नेमाने त्या विहिरीवर जात होता, थोडा वेळ थांबत होता, गावात येत होता. "सगळं ओके हाय, ताई," तो म्हणाला.

मग मी स्कूटीवरून त्या विहिरीवर गेले. विहिरीचा शेतकरी बांधावर बसला होता. त्याला विचारलं, टँकर कधी येतो?

"कोन्ता टँकर?" तो म्हणाला. "हिकडं टँकर येतोच कसा? येताना नळकांडी पूल खचलेला दिसला न्हाई का तुमाला? तुमी गाडी हातानं ढकलीत आनली असंल."

खरंच मी ढकलतच आणली होती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक मिशाळ माणूस मोटारसायकलवर आला. हँडलला कापडी पिशवी. त्यानं गाडी सावलीत लावली, तंबाखू मळली, शेतकऱ्याशी पावसावर बोलला, आणि काही वेळानं निघून गेला. विहिरीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"हा कोण?" मी विचारलं.

"काय की. रोज येतो. म्हनतो, जरा बसतो."

पिशवीत काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. मी खदानीजवळच्या लिंबाखाली बसून राहिले. भर दुपारी टँकर आला, पाइप पाण्यात सोडला, पंप सुरू झाला. तोच मिशाळ माणूस मोटारसायकलवरून आला, पिशवीतून काळी डबी काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. डबी रोज मोटारसायकलवरून विहिरीपर्यंत फिरून येत होती आणि टँकर खदानीत भरत होता. मी मोबाइलवर सगळं घेतलं. ड्रायव्हरनं मला बघितलं आणि पळतच आला.

"ताई, कावून फोटू काढायलाव?"

"बातमीसाठी."

"माझं तोंड नका घेऊ. मी पोटावर हाय."

"तुझं नाही घेत. टँकरचा नंबर घेतला."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "मंग मी फोन लावतो. न्हाई लावला तर मला काढतेल." आणि माझ्यासमोरच त्यानं पुतण्याला फोन लावला. मला त्याचा राग आला नाही. राग नंतर आला, दुसऱ्यांचा.

बातमी मी पूर्ण लिहून पाठवली. टँकरचा नंबर, ठेकेदाराचं नाव, क्रशर कुणाचा, सगळं. संपादकांचा फोन आला. ते मला 'बेटा' म्हणायचे. "बेटा, बातमी जोरदार आहे. जरा हात फिरवतो." त्यांनी हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी आली, 'टँकरच्या पाण्याबाबत ग्रामस्थांत नाराजी'. ठेकेदाराचं नाव नव्हतं, क्रशरचा उल्लेख नव्हता. खदानीला 'एक जलस्रोत' केलं होतं. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, "वाढदिवसाचं पान कोण देतं, माहीत आहे ना?"

त्यांनी कापलं तेवढं मी मोबाइलवरून व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकलं. व्हिडिओ आणि माझी मूळ बातमी, दोन्ही. ते फिरत फिरत कुठल्या कुठे गेलं. जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत पोचलं. चौकशी लागली. आणि चौकशी लागली म्हणून त्या पुतण्याचे टँकर बंद झाले.

नवा ठेकेदार लगेच नेमला नाही. गावात पाणीच येईना. खदानीचं वाईट का होईना, पण जे येत होतं तेही गेलं.

एके दिवशी सकाळी मी भाकरी करत होते तेव्हा दारात भांड्यांचा आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर टेम्पोतून त्या गावच्या बाया उतरल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात रिकामा हंडा. त्यांनी ते हंडे आमच्या ओट्यावर ओळीनं आपटले. पुढं ती उंच बाई.

"आता काय पिऊ? तुजी बातमी पिऊ का?" ती ओरडली. "मी तुला गाळ दावला. टँकर बंद कर म्हनले होते का?"

"मी बंद नाही केला. त्यांनी केला."

"कुनी का करंना. तू फोटू काढलास आनि पानी गेलं, एवढंच मला ठावं हाय."

दुसरी म्हणाली, "हिचं नाव झालं, आमचे हाल झाले."

गल्लीतली माणसं गोळा झाली. हॉटेलातल्या पत्रकारांपैकी एकानं लांबून फोटो काढला. मी काही बोलायला गेले की सगळ्या एकदम बोलायच्या. तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या. आत्याबाईंचं माझ्याशी फारसं पटायचं नाही. मी बातम्यांच्या मागे फिरते हे त्यांना कधीच आवडलं नव्हतं. पण त्यांनी पदर खोचला आणि त्या बायांपेक्षा वरच्या आवाजात सुरू झाल्या.

"तुमच्या लेकराला हगवण लागली तवा हिनंच उन्हात बसून फोटू काढले. मालकाच्या दारात हंडे आपटायला पाय उचलत न्हाई, आमचं दार बरं दिसतंय? पानी पाहिजे ना? ह्यो ड्रम भरलेला हाय. घ्या. पन शिव्या देनारीला थेंब देनार न्हाई."

बायांनी पाणी घेतलं. शिव्याही दिल्या. आत्याबाईंनी दोन्ही होऊ दिलं. ड्रम रिकामा झाला आणि त्या टेम्पोत बसून निघून गेल्या. उंच बाई जाताना माझ्याकडे वळूनसुद्धा बघेना. दिवसभर मी घरात धुमसत होते. खरं बाहेर काढलं म्हणून चूक झाली का, असं मी नवऱ्याला विचारलं. तो तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावत होता. म्हणाला, "चूक न्हाई. पन पानी बी न्हाई."

पुढं टँकर सुरू झाले. कागदावर दुसरा ठेकेदार, पण तो पुतण्याचा मेव्हणाच होता. पूल दुरुस्त केला आणि टँकर खरोखर विहिरीवर जायला लागला, एवढं मात्र झालं. मग पाऊस आला आणि सगळे विसरून गेले. मीही दुसऱ्या कामाला लागले.

बरेच महिने गेल्यावर संपादकांचा फोन आला. आवाजात साखर. "बेटा, आपल्या दैनिकाला पुरस्कार मिळालाय. प्रादेशिक शोध पत्रकारितेचा." आमच्या दैनिकाने कसली शोध पत्रकारिता केली, मला समजेना. मग कळलं, त्यांनी माझी न छापलेली मूळ बातमी आणि व्हिडिओ दैनिकाच्या नावानं स्पर्धेला पाठवला होता. वरती पत्र लिहिलं होतं, 'आमच्या निर्भीड भूमिकेचा नमुना'.

"छापलेली का नाही पाठवली?" मी विचारलं.

"छापलेलीत जोर नव्हता ना," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

पुरस्कार घ्यायला मोठ्या शहरात गेलो. संपादक, त्यांची पत्नी आणि मी. थंडगार सभागृह, प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख करून दिली, "दुष्काळी भागातल्या एका साध्या गृहिणीने दाखवलेलं धाडस." मी गृहिणी म्हणून तिथं गेले नव्हते. परीक्षकांपैकी एकांनी भाषणात 'वडवणी'चं 'वडवली' केलं, तेही दोनदा. प्रमुख पाहुणे प्रमाण मराठीच्या ऱ्हासावर बोलत राहिले. माझ्या मनोगताला फारसा वेळ उरला नाही. माझ्या हातात माइक आला तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाई कानाशी येऊन कुजबुजल्या, "मोजकंच बोला हं."

मी मोजकंच बोलले. "ही बातमी आमच्या दैनिकात अशी छापून आलेली नाही," एवढं सांगितलं आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं, सभागृह शांत होईल. लोकांना तो विनय वाटला असावा. संपादक हसत हसत टाळ्या वाजवत होते, पण मानेची शीर ताठ झाली होती.

जेवणाच्या वेळी एक तरुण पत्रकार ताट घेऊन माझ्याजवळ आली. "तुम्हाला भीती नाही वाटली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "वाटते. आत्ताही वाटते. उद्या वडवणीला गेल्यावर काय होईल, त्याची." तिनं ते टिपून घेतलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला गेली. परतीच्या गाडीत संपादक खिडकीकडे तोंड करून बसले. स्मृतिचिन्ह मात्र त्यांनी मांडीवर घेतलं होतं. ते बीडच्या कार्यालयात काचेच्या कपाटात गेलं. मला शाल मिळाली.

मी वडवणीत उतरले त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालक आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मागे पाच-सहा माणसं उभी. आत्याबाईंनी चहा केला, पण स्वतः नेऊन दिला नाही. मी नेला.

"ताई, तुमी तालुक्याचं नाव केलं," मालक म्हणाले. "नागरी सत्कार करायचा ठरलाय. बाजारच्या दिवशी, चौकात. माझ्या हस्ते."

"मला सत्कार नकोय."

"कावून नको?"

"बातमी तुमच्या पुतण्याची होती. तुमच्या खदानीची होती."

ते हसले. दात पानानं लाल. "त्यात काय? झालं गेलं. लोकांला कळू द्या, आमच्या मनात काही न्हाई. आनि मी इचारत न्हाई ताई, सांगायलोय." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुमचे मिस्टर एसटीत हायत ना? घरून येऊन-जाऊन करत्यात. बरं हाय. गडचिरोलीला बदली झाली तर लई हाल व्हत्यात माणसाचे."

ते गेल्यावर मी कप विसळला नाही, फेकून दिला. आत्याबाई म्हणाल्या, "कपाचा काय दोष?"   

बाजारच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं स्टँडवरून फोन केला. "चौकात जाऊन बघ," एवढंच बोलला.

चौकात दोन खांबांना बांधलेला फ्लेक्स होता. दुकानांच्या पाट्या झाकून टाकील एवढा. 'वडवणीची रणरागिणी! हार्दिक अभिनंदन!' एका बाजूला माझा फोटो. तो माझ्या व्हॉट्सॲपवरून उचलला होता, मूळ फोटोत माझ्या खांद्यावर आत्याबाईंचा हात होता, तो तसाच राहिला होता, मनगटापासून मागे कापलेला. माझ्या दुप्पट आकाराचे मालक, हात जोडलेले. आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, गॉगल लावलेला पुतण्या. शेजारी मेव्हणा. ज्यांनी खदानीतलं पाणी गावाला पाजलं, ते सगळे मला शुभेच्छा देत होते.

मी घरी गेले. विळा घेतला. आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"फ्लेक्स कापायला."

"थांब," त्या म्हणाल्या. मला वाटलं, अडवणार. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्या बरोबर निघाल्या.

बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, शेळ्या, कोंबड्या, भांडीवाले. मी भांड्याच्या दुकानातून स्टूल घेतलं. दुकानदार देत नव्हता, आत्याबाईंनी ओढूनच घेतलं. मी वर चढले. पहिली दोरी कापायला गेले तर आत्याबाई खालून म्हणाल्या, "खालची आधी काप. न्हाई तर तुज्याच अंगावर येईल." मी खालची आधी कापली. माणसं बाजार सोडून बघायला लागली. फ्लेक्स फडफडला, मधून टराटरा फाटला. फाट माझ्याच चेहऱ्यावरून गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. शेवटची दोरी तुटली आणि ते सगळं धूड मिरच्यांच्या ढिगाशेजारी जाऊन पडलं.

तेवढ्यात पुतण्या मोटारीतून उतरला. "ए बाई! काय लावलंय हे?" मग भोवतीच्या माणसांना म्हणाला, "बघायलाव काय बे? धरा तिला."

कुणी पुढे आलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी आलं नाही. हॉटेलातले पत्रकार मोबाइल वर धरून उभे होते. पुतण्यानंही मोबाइल काढला आणि माझं चित्रण सुरू केलं. "सांगा, सांगा लोकांला, कावून फाडला," तो म्हणाला.

"तुझा फोटो माझ्या नावाखाली होता म्हणून फाडला," मी म्हटलं. "तुझ्या शुभेच्छा मला नकोत. डबी मोटारसायकलला बांधून गावाला दगडाचं पाणी पाजलंस तू. ते घे आता चित्रणात."

तो शिवी देणार होता. आत्याबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं शिवी गिळली, मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "बघून घेतो."

सत्कार त्या दिवशी झालाच नाही. गर्दी पांगायला लागली तेव्हा ती उंच बाई दिसली. बाजाराला आली होती. माझ्याजवळ आली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. त्या वेळी कुणी एक शब्द चांगला बोललं असतं तर मी तिथंच रडले असते.

"हे फ्लेक्स घिऊन जाऊ का?" तिनं विचारलं. "कडब्यावर झाकायला व्हईल."

"ने," मी म्हटलं.

तिनं मालकांच्या तोंडावर पाय देऊन फ्लेक्स दुमडला, डोक्यावर घेतला आणि गेली.

संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. ठाण्यातल्या हवालदारांनी मला खुर्ची दिली आणि खाली बघून बोलले. "ताई, तुमच्यावर तक्रार हाय. अदखलपात्र. नुकसान केल्याची."

"कशाचं नुकसान?"

"तुमच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सचं." ते लिहिता लिहिता थांबले. "लिहायलासुदिक कसंतरी व्हायलंय. पन तक्रार आल्यावर मला लिहावंच लागतं."

मी सही केली. घरी येऊन पुरस्कार देणाऱ्या संस्थेला फोन लावला. पुरस्काराच्या सत्कारावरून पुरस्कार मिळालेल्या माणसावरच तक्रार झाली, हे त्यांना सांगावं असं वाटलं. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. आम्ही निषेधाचं पत्रक काढू, म्हणाल्या. ते पत्रक कधी निघालं नाही. काही दिवसांनी त्यांच्याकडून निरोप मात्र आला. स्मरणिकेसाठी माझा शालीतला चांगला फोटो हवा होता.

संपादकांनी तेवढी वाट बघितली नाही. त्यांचा फोन फ्लेक्स फाडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, आणि या वेळी 'बेटा' नव्हतं. "मालकांची माफी मागणारा मजकूर लिहून पाठवा. पहिल्या पानावर छापू."

"माझी बातमी आतल्या पानावर आणि माफी पहिल्या पानावर?"

"वाद घालू नका. दिवाळी अंकाचं मागचं पान त्यांचं आहे."

"मग दिवाळी अंक त्यांनाच लिहायला सांगा," मी म्हटलं.

त्यांनी ओळखपत्र परत मागितलं. मी नेऊन दिलं नाही. नवऱ्याची ड्युटी बीडच्या गाडीवर होती, त्याच्याकडे दिलं. त्यानं कंडक्टरच्या गणवेशातच कार्यालयात जाऊन ते संपादकांच्या टेबलावर ठेवलं. संपादकांनी विचारलं, मॅडम स्वतः का नाही आल्या? तो म्हणाला, "त्यांना येळ न्हाई." घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा या सगळ्या प्रकरणात हसला. त्याची बदली झाली, पण गडचिरोलीला नाही. माजलगावच्या आगारात. आता त्याला जास्त फिरावं लागतं. मालकांनी ते केलं की नुसतंच झालं, आम्हाला कळलं नाही, आणि कळून घ्यायलाही आम्ही गेलो नाही.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहान दैनिकानं मला घेतलं. ते चार पानांचं असतं आणि वेळेवर येत नाही. पण मी लिहिलेलं नाव कापत नाहीत. टँकरचा ठेका आता पुतण्याच्या बायकोच्या नावावर आहे. मी तेही लिहिलं. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

मागच्या लग्नसराईत धर्मापुरीला नवऱ्याच्या आतेबहिणीकडे लग्न होतं. मंडप भरलेला, मंगलाष्टकांना अजून अवकाश. आमच्याकडे लग्नात पुढाऱ्यांची नावं माइकवरून पुकारायची पद्धत आहे. मालकही आले होते, ते कुठल्या लग्नाला येत नाहीत असं होत नाही. त्यांनी स्वतःच माइक हातात घेतला. आमदारांचं नाव झालं, सभापतींचं झालं, सरपंचांचं झालं. मग त्यांची नजर बायकांच्या बाजूला माझ्यावर आली.

"आमच्या तालुक्याचं भूषण, पुरस्कार विजेत्या पत्रकार ताईसुदिक आलेल्या हायत. ताईंनी स्टेजवर येऊन वधूवराला आशीर्वाद द्यावा. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारची एक पाहुणी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "जा की, एवढा मान द्यायलेत."  मी अक्षता मुठीत धरून बसून राहिले. मालक माइक धरून थांबले. आणखी एकदा म्हणाले, "या ताई, या." मी त्यांच्याकडे बघितलं आणि जागची हलले नाही. टाळ्या विरत गेल्या. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

मंगलाष्टकं झाली. मी बसल्या जागेवरून अक्षता टाकल्या. नंतर पंगतीला बसलो, जेवलो, आणि परळीवरून मिळेल त्या गाडीनं घरी आलो.